मुका एच

यंत्रमागांच्या खटखटीत
शब्द पाठ होतात, उच्चारून बघता येत नाहीत.
वडगावात आमच्या भिंतीपलीकडं
चन्नप्पांचे आठ माग, सकाळी सातपासून.
त्यामुळं माझं सगळं इंग्रजी डोळ्यांचं.
स्पेलिंग चोख, उच्चार देवाला ठाऊक.

धारवाडच्या परीक्षेला पस्तीस दिवस.
रोज वीस शब्द, साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर,
या अंगाला शब्द, त्या अंगाला अर्थ.
अर्थ मात्र माझ्याकडं थेट येत नाही.
डिक्शनरी सहनाची, इंग्रजी-कन्नड,
तिच्या मामानं हुबळीहून आणलेली,
पहिली चार पानं उंदरांनी खाल्लेली,
म्हणून 'अबॅन्डन' आम्हा दोघींनाही पारखा.

ती कन्नडात वाचते, मी मराठीत उतरवते,
मधे कुठंतरी अर्थ एका पायानं लंगडतो.
'मीगर' म्हणजे अपुरं. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी.
फरक काय, तिनं विचारलं.
मी म्हटलं, पहिलं आमचं रेशन,
दुसरी आमची आई.

'रमेज'ला ती म्हणाली, हुडुकु.
मी पेन्सिल उचललीच नाही.
अगं आम्ही पण हुडकतोच की!
किल्ली हुडकतो, चप्पल हुडकतो,
काकाच्या पोराला दोन वर्षं झाली पोरगी हुडकतोय.
दोघी इतक्या हसलो
की चन्नप्पांनी धागा तुटल्यागत वळून बघितलं.
एक शब्द फुकटात मिळाला त्या दिवशी.
दुकानांच्या पाट्यांवर काळं फासणाऱ्यांना
हा नेमका कुणाचा म्हणून पुसायचा
ते कळलं नसतं.

'हिअरलूम' मात्र मी एकटीनंच शिकले,
डिक्शनरी आमच्याकडं मुक्कामाला होती त्या रात्री.
कन्नडातला लांबलचक अर्थ लागेना,
तेव्हा माझी मीच फोड केली.
हिअर म्हणजे ऐकणं. लूम म्हणजे माग.
ए पाहिजे तिथं आय होता,
पण इंग्रजीत असलं चालतंच.
माग ऐकणं, असं लिहून टाकलं.

आई तेवीस वर्षं कांड्या भरते.
तिला पाठीमागून हाक मारून उपयोग नाही.
समोर जायचं, ओठ मोठे करायचे.
ती स्वतः बोलते ते ओरडूनच,
बँकेत, दवाखान्यात, दुसऱ्यांच्या लग्नात,
लोकांना वाटतं भांडखोर बाई.
तिच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं म्हणे.

क्लासात मी तो शब्द मोठ्यानं वाचला.
घोरपडे मॅडम म्हणाल्या, एअरलूम. एच सायलेंट.
म्हणजे लिहायचा, पण बोलायचा नाही.
आणि अर्थ: पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेली
जपून ठेवायची वस्तू. दागिना वगैरे.
वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं.
घरी येऊन पुठ्ठा खोडायला घेतला
आणि तसाच धरून बसले.

तेवढ्यात वीज गेली. आठही माग गप्प.
आईला हे कानांनी कळत नाही,
पायाखालची फरशी थरथरायची थांबते, तेव्हा कळतं.
चरख्यावरनं तिनं मान वर केली.
काय करालीस गे?
सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.
मी समोर गेले, ओठ मोठे केले,
एअर. लूम.
तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं
आणि म्हणून दाखवलं,
नुसत्या ओठांनी, आवाज न काढता,
मॅडमपेक्षा चोख.

वीज आली.
वीसातले अकरा अजून राहिले होते.